इंग्रजी क्रियाविशेषणे व फ्रेजल व्हर्ब्ज यांचे डॅनिश भाषांतर : एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

इंग्रजी व डॅनिश या दोन्ही भाषा जर्मानिक कुळातील असून त्यांचे नाते निकटचे आहे. इंग्रजीतील 'अप', 'आउट', 'इन', 'ओव्हर' या अव्ययांना डॅनिशमध्ये 'ओप', 'उड', 'इंड', 'ओवर' असे सख्खे भाऊ आहेत. त्यामुळे इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापद आणि अव्यय मिळून एकच अर्थ देणाऱ्या जोड्या, डॅनिशमध्ये उतरविणे हे भाषांतरातील सर्वांत सोपे काम असावे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हेच काम डॅनिश भाषांतरकारांना दीर्घकाळ अडचणीत टाकत आले आहे. शब्द परका असला की भाषांतरकार सावध होतो. शब्द घरच्यासारखा दिसला की तो निर्धास्त राहतो. ही अडचण व्याकरणाची म्हणून नेहमी मांडली जाते. परंतु तिची मुळे इतिहासात आहेत, आणि तो इतिहास बाजूला ठेवला तर व्याकरणाचे नियम केवळ लहरी वाटतात.

'भाषांतर करणे' या अर्थाच्या डॅनिश क्रियापदातच ही अडचण दिसते. ते क्रियापद 'ओवरसेत्ते' असे आहे. त्यातील घटक 'ओवर' (वर, पलीकडे) आणि 'सेत्ते' (ठेवणे). हेच घटक सुटे करून 'सेत्ते ओवर' असे म्हटले, तर अर्थ होतो उडी मारून पलीकडे जाणे, किंवा चहा-कॉफीचे आधण चुलीवर ठेवणे. जोडलेले रूप ग्रंथातले, सुटे रूप स्वयंपाकघरातले. डॅनिशमध्ये अशा जोड्या शेकड्यांनी आहेत, आणि इंग्रजीतील प्रत्येक फ्रेजल व्हर्बपाशी भाषांतरकाराला या दोहोंतून निवड करावी लागते. (येथे डॅनिश शब्द त्यांच्या लेखनाच्या जवळ जाणाऱ्या देवनागरी रूपात दिले आहेत. डॅनिश उच्चार लेखनापासून बराच दूर गेलेला असल्याने हे लिप्यंतर उच्चारदर्शक मानू नये.)

अव्ययांचा पश्चिमेकडे प्रवास

इ. स. ८६५ मध्ये स्कँडिनेव्हियन योद्ध्यांचे मोठे सैन्य इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरले. पुढील काही दशकांत देशाच्या उत्तर व पूर्व भागांत त्यांच्या वसाहती स्थिरावल्या आणि त्या प्रदेशाला पुढे 'डेनलॉ' हे नाव मिळाले. 'व्हिटबी', 'डर्बी' यांसारख्या ग्रामनामांतील 'बी' हा गाव या अर्थाचा नॉर्स शब्द असून आधुनिक डॅनिशमध्येही तो नांदतो. इ. स. १०१६ ते १०३५ या काळात तर नूट हा डॅनिश राजा इंग्लंडच्या सिंहासनावर होता. या सहवासातून इंग्रजीला 'स्काय', 'एग', 'विंडो', 'लॉ', 'टेक' असे नित्याचे शब्द मिळाले. इतकेच नव्हे, तर 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामेही मिळाली. सर्वनामे उसनी घेणे ही भाषांच्या इतिहासात विरळा घडणारी गोष्ट असून सहवास किती घट्ट होता याची ती साक्ष आहे.

शब्दांची उसनवारी सर्वमान्य आहे. रचनेची उसनवारी मात्र वादाचा विषय राहिली आहे. प्राचीन इंग्रजीत क्रियापदाला पुढे उपसर्ग जोडण्याची पद्धत प्रबळ होती. उलट प्राचीन नॉर्समध्ये जुने आघातहीन उपसर्ग जवळजवळ झिजून गेले होते आणि त्यांचे काम क्रियापदानंतर येणारी सुटी अव्यये करीत होती. बाराव्या शतकापासूनच्या इंग्रजीत उपसर्गांची जागा सुटी अव्यये घेऊ लागतात. डेनलॉच्या प्रदेशात लिहिल्या गेलेल्या आणि ११५४ च्या नोंदीने संपणाऱ्या पीटरबरो इतिवृत्तातही हा बदल जाणवतो. हा बदल नॉर्सच्या प्रभावामुळे झाला, की इंग्रजीच्या आंतरिक गतीनेच तो होणार होता व नॉर्सने त्याला केवळ वेग दिला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जोसेफ एमंड्स व यान तेर्ये फारलुंड यांनी २०१४ मध्ये तर इंग्रजी ही मुळात स्कँडिनेव्हियन भाषाच आहे, असे प्रतिपादन केले आणि त्यासाठी सुट्या अव्ययांचा दाखला प्रामुख्याने दिला. हे मत बहुतेक भाषेतिहासकारांनी स्वीकारलेले नाही, आणि ते योग्यच आहे. कारण इंग्रजीचा मूळ शब्दसाठा व रूपव्यवस्था पश्चिम जर्मानिक असल्याचे पुरावे विपुल आहेत. तथापि सुट्या अव्ययांच्या प्रसाराला नॉर्स सहवासाने हातभार लावला, एवढे मर्यादित विधान टिकण्यासारखे आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की ज्या काळात इंग्रजी उपसर्गांकडून सुट्या अव्ययांकडे सरकत होती, त्याच्या पाठोपाठच्या शतकांत डॅनिश नेमकी उलट्या दिशेने गेली.

जर्मनची छाया

तेराव्या ते सोळाव्या शतकांत बाल्टिक समुद्रावरील व्यापार हान्सा संघाच्या हाती होता. ल्यूबेकसारख्या शहरांतील व्यापारी व कारागीर डॅनिश नगरांत स्थायिक झाले आणि त्यांच्याबरोबर त्यांची 'लो जर्मन' भाषा आली. या भाषेतून डॅनिशने केवळ शब्द घेतले नाहीत, तर 'बे', 'फोर', 'आन' हे उपसर्ग घेतले आणि उपसर्ग लावून क्रियापदे घडविण्याची सवयही घेतली. 'बेगुन्ने' (आरंभ करणे), 'बेताले' (पैसे देणे), 'फोरस्तो' (समजणे) हे आजच्या डॅनिशमधील अगदी दैनंदिन शब्द या मार्गाने आले आहेत. धर्मसुधारणेनंतर १५५० मध्ये तिसऱ्या क्रिस्तियान राजाच्या नावाचे जे डॅनिश बायबल छापले गेले, ते लूथरच्या जर्मन बायबलाच्या आधारे सिद्ध झाले होते. ग्रांथिक डॅनिशचा घाट त्याने पक्का केला, आणि त्या घाटावर जर्मनचा ठसा होता.

परिणाम असा झाला, की मूळची स्कँडिनेव्हियन सुटी रचना बोलीत जिवंत राहिली आणि तिच्याच घटकांची जोडलेली रचना कचेरी, न्यायालय व व्यासपीठ यांच्या भाषेत रुजली. 'गो उड' म्हणजे बाहेर जाणे. 'उडगो' म्हणजे यादीतून वगळले जाणे. 'कोम्मे उड' म्हणजे बाहेर येणे; 'उडकोम्मे' म्हणजे ग्रंथ प्रकाशित होणे. 'गिवे ओप' म्हणजे हार मानणे. पण आशा किंवा योजना सोडून द्यायची असेल तर 'ओपगिवे'. सर्वसाधारणपणे सुटे रूप मूर्त क्रियेसाठी व जोडलेले रूप अमूर्त अर्थासाठी, असा नियम सांगितला जातो. तो उपयुक्त आहे, पण पुरेसा नाही. कारण अर्थ एकच असतानाही दोन रूपांत दर्जाचा फरक राहतो. एकात बैठकीचा सूर असतो, दुसऱ्यात ओसरीचा.

इंग्रजीतही या जुन्या व्यवस्थेचे अवशेष आहेत. 'ओव्हरलुक' आणि 'लुक ओव्हर', 'अपसेट' आणि 'सेट अप' या जोड्यांचे अर्थ परस्परांपासून किती दूर आहेत, हे इंग्रजीच्या अध्यापकांना सांगण्याची गरज नाही. परंतु इंग्रजीत औपचारिक शब्दांची गरज नॉर्मन विजयानंतर (१०६६) फ्रेंच व लॅटिनने भागवली. 'पुट ऑफ'चा भारदस्त पर्याय 'पोस्टपोन', 'कॅरी आउट'चा 'एक्झिक्यूट'. डॅनिशमध्ये हीच गरज जोडलेल्या क्रियापदांनी भागवली : 'उडसेत्ते' (पुढे ढकलणे), 'उडफ्योरे' (पार पाडणे). म्हणून इंग्रजी 'कॅरी आउट' डॅनिशमध्ये आणताना भाषांतरकाराला केवळ अर्थ शोधावयाचा नसतो. बोलणारा कोण आहे, कोणाशी व कोठे बोलत आहे, हे ठरवून दोन रूपांतील एक उचलावयाचे असते. मूळ इंग्रजीत ही निवड केलेलीच नसते. ती डॅनिश भाषांतरकारावर येऊन पडते.

दिशा बदलल्याची उदाहरणे तर मौजेची आहेत. इंग्रजीत समिती 'सेट अप' होते, म्हणजे वर उभी राहते. डॅनिशमध्ये ती 'नेडसेत्ते' होते, म्हणजे खाली ठेवली जाते. हेच 'नेडसेत्ते' किमती कमी करण्यासाठीही वापरतात. इंग्रज मनुष्य ताटातले 'ईट अप' करतो आणि पेला 'ड्रिंक अप' करतो. डॅनिश मनुष्य 'स्पिसे ओप' म्हणतो खरा, पण पेला रिकामा करताना 'द्रिक्के उड' म्हणतो, म्हणजे 'बाहेर' पितो. उलट 'थ्रो अप' (ओकणे) आणि 'कास्ते ओप', 'ग्रो अप' (मोठे होणे) आणि 'वोक्से ओप' या जोड्या तंतोतंत जुळतात. शंभरांतील काही जुळतात म्हणूनच उरलेल्या फसवतात.

शब्दकोशांची मदत येथे अपुरी पडते. 'स्लो ओप' (शब्दशः 'वर मारणे') हे एकच डॅनिश क्रियापद घ्यावे. कोशात शब्द पाहणे, भिंतीवर सूचनापत्र लावणे आणि प्रेमसंबंध तोडणे या तिन्ही अर्थांनी ते येते. इंग्रजीत यांसाठी 'लुक अप', 'पुट अप', 'ब्रेक अप' अशी तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. तिन्हींत 'अप' आहे आणि डॅनिशमध्येही 'ओप' आहे. परंतु क्रियापद कोठेही जुळत नाही. अव्यय सख्खे, क्रियापद परके, असा हा प्रकार आहे.

कोपनहेगनच्या रंगभूमीवरील हॅम्लेट

इंग्रजी साहित्याचे डॅनिश भाषांतर ही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गंभीरपणे हाती घेतली गेलेली गोष्ट आहे. तोपर्यंत कोपनहेगनच्या दरबारात जर्मनचे वर्चस्व होते. १७७६ च्या कायद्याने राज्यातील पदे देशात जन्मलेल्यांसाठी राखून ठेवण्यात आली. हा कायदा जर्मन अधिकाऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्धच्या लोकभावनेतून आला होता. पुढच्याच वर्षी, १७७७ मध्ये, योहानेस बोये याचे हॅम्लेटचे डॅनिश भाषांतर प्रसिद्ध झाले. एका अर्थाने ही कथा घरी परत येत होती. बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकालात साक्सो ग्रामातिकुस याने आपल्या लॅटिन इतिहासग्रंथात आमलेथची कथा नोंदविली होती आणि आंद्रेस सॉरेनसेन वेडेल याने १५७५ मध्ये तो ग्रंथ डॅनिशमध्ये आणला होता. आता डेन्मार्कचा राजपुत्र इंग्रजीतून डॅनिश बोलू लागला. (मराठीत आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ मध्ये आले, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे.)

शेक्सपिअरला डॅनिश रंगभूमीवर खऱ्या अर्थाने स्थान मिळवून दिले ते नट व भाषांतरकार पीटर फॉरसोम (१७७७–१८१७) याने. त्याच्या शेक्सपिअर-भाषांतराचा पहिला खंड १८०७ मध्ये निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या आरंभी इंग्रज आरमार व सैन्याने कोपनहेगनवर तोफांचा भडिमार करून शहराचा मोठा भाग बेचिराख केला आणि डॅनिश आरमार हिरावून नेले. त्यानंतर १८१४ च्या कील तहापर्यंत डेन्मार्क इंग्लंडशी युद्धाच्या स्थितीत होते. १८१३ मध्ये राज्याची आर्थिक दिवाळखोरी जाहीर झाली, आणि त्याच वर्षी रॉयल थिएटरमध्ये हॅम्लेटचा प्रयोग झाला. प्रमुख भूमिकेत स्वतः फॉरसोम होता. ज्यांची घरे इंग्रजांच्या तोफांनी जळाली होती, त्यांच्यासमोर इंग्रज नाटककाराचे शब्द शुद्ध डॅनिशमध्ये उच्चारले गेले. युद्ध राज्याशी होते, भाषेशी नव्हते, हे त्या प्रेक्षकांनी ओळखले असावे.

या युद्धाचा एक पदर मराठीच्या इतिहासालाही स्पर्श करतो. बंगालमधील सेरामपूर (श्रीरामपूर) ही तेव्हा डॅनिश वसाहत होती. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण तेथील छापखान्यातून १८०५ मध्ये डॅनिश निशाणाखाली बाहेर पडले. १८०८ मध्ये इंग्रजांनी गाव ताब्यात घेतले आणि ते १८१५ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. म्हणून १८१० चा मोडी लिपीतील मराठी कोश निघाला तो इंग्रजांच्या ताब्यातील सेरामपुरात. राजवट डॅनिश असली तरी मिशनऱ्यांची व्यवहारभाषा इंग्रजीच होती. डॅनिश भाषेची छाया मराठीवर पडली नाही ती त्यामुळेच.

फॉरसोमच्या काळी युरोपात शेक्सपिअर-भाषांतराचा आदर्श म्हणजे श्लेगेलची जर्मन भाषांतरे होती. डॅनिश भाषांतरकारापुढे त्यामुळे दोन मूळ पाठ असत : एक इंग्रजी आणि दुसरा न सांगता शेजारी उभा असलेला जर्मन. इंग्रजीतील जोमदार, तुटक फ्रेजल व्हर्बला जर्मन भाषा उपसर्गयुक्त क्रियापदाने उत्तर देई आणि डॅनिशमध्ये त्याचे तयार प्रतिरूप कोशात हजर असे. पद्याच्या ओळीत ते बसतेही चांगले. पण सुट्या रूपाचा जोर वेगळ्या ठिकाणी असतो. डॅनिश सुट्या रूपात क्रियापदावरील आघात नाहीसा होऊन तो सर्वस्वी अव्ययावर जातो; जोडलेल्या रूपात तो शब्दाच्या आरंभी येतो. नटाच्या तोंडी हा फरक अर्थाइतकाच मोलाचा असतो.

फॉरसोमचे काम पी. एफ. वुल्फ याने पुढे चालविले व नंतर एडवार्ड लेम्बके याने १८६१ ते १८७३ या काळात त्याला पूर्णतेकडे नेले. लेम्बके श्लेस्विगमधील हादेरस्लेव येथे शिक्षक होता. मातृभाषेच्या गौरवाचे त्याचे गीत १८५९ चे आहे. १८६४ च्या युद्धात श्लेस्विग डेन्मार्कच्या हातून गेल्यावर त्याची तेथील नोकरी संपली. जर्मनविषयी मनात अढी बाळगण्याचे कारण ज्याला होते, त्याच्या हातून इंग्रजीचे सर्वांत प्रतिष्ठित डॅनिश भाषांतर सिद्ध झाले. तरीही त्याच्या ग्रांथिक डॅनिशमधून जर्मन घाटाची क्रियापदे काढून टाकणे त्याला शक्य नव्हते; ती काढली असती तर गंभीर विषयावर बोलावयास भाषाच उरली नसती. एकोणिसाव्या शतकातील शुद्धिवादी चळवळींची मर्यादा येथे स्पष्ट दिसते.

व्याकरणकारांची दृष्टी

फ्रेजल व्हर्ब्ज परदेशी विद्यार्थ्यांना सर्वाधिक छळतात, हे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत नोंदविले होते. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची. लोगन पिअरसॉल स्मिथ याने ती १९२५ मध्ये प्रचारात आणली आणि तिचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. डेन्मार्कमध्ये इंग्रजी शिकविणारी व्याकरणे सतराव्या शतकापासूनच उपलब्ध होती. फ्रेडरिक बोलिंगचे इंग्रजी व्याकरण १६७८ चे आहे.

थोर भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्क (१७८७–१८३२) याचे इंग्रजी रूपविचारावरील पुस्तक १८३२ चे, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षाचे. हाच रास्क इराणमार्गे १८२० मध्ये मुंबईस आला होता आणि येथील पारशी समाजाकडून मिळविलेली अवेस्ता व पहलवी हस्तलिखिते त्याने कोपनहेगनला नेली. अँग्लो-सॅक्सन, आइसलँडिक व अवेस्ता अशा दूरदूरच्या भाषा एका नजरेत घेणाऱ्या या विद्वानाने शब्दांच्या साम्यावर न विसंबता व्याकरणिक घडणीकडे पाहावे, हा आग्रह धरला. भाषांतराच्या प्रस्तुत प्रश्नाला तो नेमका लागू पडतो.

ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) याने १८९३ पासून १९२५ पर्यंत कोपनहेगन विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले. इंग्रजीचे विसाव्या शतकातील सर्वांत मोठे व्याकरण एका डॅनिश प्राध्यापकाने लिहावे, यात योगायोग कमी आणि भाषिक स्थानाचा लाभ अधिक आहे. १९२४ च्या 'फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात त्याने क्रियाविशेषणे, शब्दयोगी अव्यये व उभयान्वयी अव्यये यांना एकाच वर्गात घालावे असे सुचविले. टोपी 'वर' घालणे आणि टोपी डोक्या'वर' घालणे यांत अव्यय एकच आहे, पुढे नाम आहे की नाही एवढाच फरक, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्याच्या मातृभाषेत हे अव्यय रोजच्या रोज सुटे फिरते, त्यालाच हे प्रथम खटकावे हे स्वाभाविक आहे.

पॉल दिदरिक्सन याच्या १९४६ च्या व्याकरणाने डॅनिश वाक्याचा एक आराखडा मांडला. वाक्यात प्रत्येक घटकाला ठरलेले घर आहे. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी, वाक्यविशेषण त्यानंतर. गौण वाक्यात मात्र वाक्यविशेषण क्रियापदाच्या आधी. इंग्रजीत 'ही ऑफन कम्स' म्हणजे क्रियाविशेषण आधी. डॅनिशमध्ये 'हान कोम्मेर ओफ्ते', म्हणजे क्रियाविशेषण नंतर. इंग्रजी वाक्य क्रियाविशेषणाने सुरू झाले तर डॅनिशमध्ये लगेच क्रियापद आणि मग कर्ता. फ्रेजल व्हर्बच्या बाबतीत इंग्रजी दोन क्रम चालवून घेते : अव्यय कर्माच्या आधी किंवा नंतर. स्वीडिशमध्ये अव्यय कर्माच्या आधी येते. डॅनिशमध्ये ते सामान्यतः कर्मानंतरच येते : 'तोग हात्तेन आफ', म्हणजे 'टोपी काढली', पण शब्दक्रम 'घेतली टोपी खाली'. इंग्रजी लेखक लय साधण्यासाठी अव्यय मागेपुढे करतो. डॅनिशमध्ये ती मोकळीक नसल्याने भाषांतरकाराला लय दुसरीकडे शोधावी लागते.

इंग्रजीतील '-ली' प्रत्ययान्त क्रियाविशेषणांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. 'नॅचरली' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : 'सहजपणे' आणि 'अर्थातच'. डॅनिशमध्ये पहिल्यासाठी 'नातुर्लिग्त' आणि दुसऱ्यासाठी 'नातुर्लिग्विस' असे दोन शब्द आहेत. 'एन्देलिग' म्हणजे 'अखेर एकदाचे' आणि 'एन्देलिग्त' म्हणजे 'कायमचे, निर्णायकपणे'. फरक एका 'त'चा. फसव्या जोड्यांत 'इव्हेन्च्युअली' अग्रस्थानी ठेवावा लागेल. इंग्रजीत त्याचा अर्थ 'अखेरीस'. डॅनिश 'एवेन्तुएल्त'चा अर्थ 'कदाचित, वेळ आल्यास'. डॅनिश सभांच्या विषयपत्रिकेवर शेवटी जो 'एवेन्तुएल्त' असतो, तो आपल्याकडील 'ऐनवेळचे विषय' होय. एखादी गोष्ट अखेरीस झाली आणि कदाचित होईल, यांतील अंतर करारपत्रात किती महाग पडू शकते, हे वेगळे सांगावयास नको.

बोलणारा कोठे उभा आहे

डॅनिश स्थलवाचक अव्ययांची दोन रूपे असतात. गती असेल तर 'ओप', 'नेड', 'इंड', 'उड', 'येम'. स्थिती असेल तर 'ओप्पे', 'नेडे', 'इंडे', 'उडे', 'येम्मे'. इंग्रजीत 'ही वेंट अप' आणि 'ही इज अप' यांत 'अप' एकच राहते. मराठीतही 'बाहेर गेला' आणि 'बाहेर आहे' यांत 'बाहेर' बदलत नाही. म्हणून हा भेद मराठी वाचकाला प्रथम अनावश्यक वाटेल. डॅनिशमध्ये मात्र तो चुकला तर वाक्य परक्याचे ठरते.

गती व्यक्त करण्याच्या बाबतीत मराठी वेगळ्याच गटातील आहे, हे येथे सांगितले पाहिजे. उतरणे, चढणे, निघणे, शिरणे या मराठी क्रियापदांत दिशा आधीच सामावलेली आहे. इंग्रजी व डॅनिश या दोन्ही भाषा दिशा बाहेर काढून अव्ययाच्या हाती देतात. लेनर्ड टाल्मी याने १९८५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात त्या एकाच पंक्तीला बसतात. परंतु एका पंक्तीला बसलेल्यांचेही आचार एक नसतात.

इंग्रजीत 'इन द गार्डन' एवढे म्हणून भागते. डॅनिश मनुष्य 'उडे इ हावेन' म्हणतो : 'बाहेर, बागेत'. माळ्यावर असेल तर 'वर, माळ्यावर'. शहरात असेल तर बहुधा 'आत' किंवा 'खाली, शहरात'. दाराशी असेल तर 'हेन्ने'. या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्दच नाही. बोलणाऱ्यापासून थोड्या अंतरावर, त्याच पातळीवर, असा काहीसा त्याचा अर्थ आहे. म्हणजे इंग्रजी कादंबरीतील साधे वाक्य डॅनिशमध्ये आणताना भाषांतरकाराला दृश्याचा नकाशा मनात काढावा लागतो : बोलणारा घरात आहे की अंगणात, तळमजल्यावर की माडीवर. मूळ लेखकाने हे सांगितलेले नसते. पुष्कळदा त्याने ठरविलेलेही नसते.

असेच काहीसे 'यो', 'नोक', 'वेल', 'विस्त', 'दा' या चिमुकल्या क्रियाविशेषणांबाबत घडते. 'यो' म्हणजे 'तुला ठाऊकच आहे की'. 'नोक' म्हणजे 'बहुतेक'. 'विस्त' म्हणजे 'वाटते तरी असे'. 'वेल' म्हणजे 'असेच ना?' इंग्रजी हा भाव स्वराघाताने किंवा 'आरंट यू?' सारख्या जोडप्रश्नाने व्यक्त करते. मराठीतील 'ना', 'की', 'च', 'तर', 'बुवा' यांचे चलन ज्याच्या कानात आहे, त्याला डॅनिशची ही बाजू इंग्रजी वाचकापेक्षा लवकर समजेल. 'येणार ना?' मधील 'ना' आणि 'दू कोम्मेर वेल?' मधील 'वेल' यांचे काम सारखेच आहे. इंग्रजी वाक्यात यांपैकी काहीच लिहिलेले नसते. भाषांतरकाराने ते घातले नाही तर चूक झाली असे कोणी म्हणत नाही. फक्त पात्रे अनोळखी माणसांसारखी बोलू लागतात.

उपशीर्षके, अधिनियम आणि नवे अनुकरण

विसाव्या शतकात भाषांतराचे केंद्र ग्रंथाकडून पडद्याकडे सरकले. डेन्मार्कमध्ये परदेशी चित्रपटांना, बालचित्रपट वगळता, डॅनिश आवाज न देता खाली उपशीर्षके देण्याची प्रथा रूढ झाली, आणि १९५१ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणीनेही तीच उचलली. कानावर इंग्रजी आणि डोळ्यांपुढे डॅनिश, अशी ही दुहेरी वाचनाची सवय आहे. उपशीर्षकाला जास्तीत जास्त दोन ओळी मिळतात. कानावर 'टेक ओव्हर' पडत असताना खाली 'ओवरतागे' लिहावे की 'तागे ओवर'? दुसरे कानाला जुळते, शब्दक्रमाला जुळते आणि विचार करावयास वेळ लागत नाही. 'तागे ओवर'चा जुना अर्थ पलीकडे जाणे एवढाच होता. आज तो सूत्रे हाती घेणे या अर्थानेही ऐकू येतो. 'कम अप विथ'साठी डॅनिशला 'फिन्दे पो' होते. आता 'कोम्मे ओप मेड' बोलले जाते. 'एंड अप'वरून 'एन्दे ओप' आले. याविषयी पहिला व्यवस्थित अभ्यास ऑर्हुस विद्यापीठाचे क्नुड सॉरेनसेन यांचा. डॅनिशमधील इंग्रजी उसनवारीवरील त्यांचे पुस्तक १९७३ मध्ये आले आणि आंग्लवादांचा कोश १९९७ मध्ये. उसना शब्द डोळ्यांना दिसतो, पण उसनी रचना स्वकीय शब्दांच्या वेषात येते, म्हणून ती पकडणे कठीण असते. हा मुद्दा फ्रेजल व्हर्ब्जइतका अन्यत्र कोठे स्पष्ट होत नाही, कारण येथे प्रत्येक घटक शुद्ध डॅनिश आहे आणि जोडणी तेवढी परकी.

१ जानेवारी १९७३ रोजी डेन्मार्क युरोपीय समुदायात सामील झाले आणि डॅनिश ही समुदायाची एक अधिकृत भाषा ठरली. अधिनियमांच्या भाषांतराने उलट दिशेचा ताण आणला. तेथे सुट्या रूपांना थारा नाही. नियम घालून देणे, कलम रद्द करणे, समिती नेमणे यांसाठी 'फास्तसेत्ते', 'ओपहेवे', 'नेडसेत्ते' हीच जोडलेली रूपे. म्हणजे आजच्या डॅनिशमध्ये एकाच इंग्रजी मुळापासून दोन प्रवाह वाहतात. पडद्यावरचा प्रवाह सुट्या, इंग्रजीसदृश जोडण्यांकडे नेतो. अधिनियमांचा प्रवाह हान्साकालीन जर्मन घाटाकडे. मधल्या जागेत, सुशिक्षित माणसाच्या साध्या गद्यात, काय टिकते हा खरा प्रश्न आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेले डॅनिश भाषा मंडळ रूढ होत असलेल्या रचना नोंदविते. त्यांना मज्जाव करीत नाही. २००३ च्या शासकीय अहवालात उच्च शिक्षण व विज्ञान या क्षेत्रांतून डॅनिश मागे हटण्याची भीती व्यक्त झाली होती, परंतु तिचा रोख क्षेत्रे गमावण्यावर होता, वाक्यरचनेवर नव्हता. २०१४ पासून डॅनिश शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते.

निल्स ब्रुन्से यांनी शेक्सपिअरच्या सर्व नाटकांचे नवे डॅनिश भाषांतर २०१० ते २०१८ या काळात खंडशः प्रसिद्ध केले. फॉरसोमच्या शेजारी जर्मन पाठ उभा होता. ब्रुन्से यांच्या वाचकांपैकी बहुतेकांना मूळ इंग्रजी स्वतःच वाचता येते. भाषांतरकाराची अडचण त्यामुळे कमी झालेली नाही, तिचे ठिकाण बदलले आहे. फिनिश अभ्यासक सोन्या तिर्कोनेन-कोंदित यांनी २००२ व २००४ मधील लेखांत असे मांडले, की ज्या घटकांना मूळ भाषेत प्रतिरूप नसते, ते भाषांतरित मजकुरात स्वाभाविक प्रमाणापेक्षा कमी आढळतात, कारण मूळ पाठातील कोणतीच गोष्ट भाषांतरकाराला त्यांची आठवण करून देत नाही. त्यांचे निरीक्षण फिनिशविषयी होते. डॅनिशला ते लावून पाहिले तर बोट नेमके 'हेन्ने'वर, 'उडे इ हावेन'मधील 'उडे'वर, 'यो' आणि 'वेल'वर पडते. 'कोम्मे ओप मेड' चटकन दिसते, वृत्तपत्रात तक्रारीचा विषय होते. बागेतून गळालेले 'उडे' कोणाच्या लक्षात येत नाही; वाक्य निर्दोष राहते आणि वाचकाला ते कोठूनतरी दुसरीकडून आल्यासारखे वाटत राहते.